संपाचे नऊ दिवस आणि नभोवाणीची पत

१९२६ सालच्या जानेवारी महिन्याची १६ तारीख. शनिवारची रात्र. इंग्लंडांतील असंख्य घरांतून माणसें बिनतारी यंत्राशीं कान लावून बसलीं होतीं. एडिंबरोच्या केंद्रावरून एका पंडिताचें साहित्यविषयक व्याख्यान चाललेलें होतें. तें मध्येंच तुटलें आणि बातमी आली, कीं लंडनमध्यें बेकारांच्या जमावानें दंगल आरंभिली आहे; पार्लमेंटगृहावर उखळी तोफा डागल्या गेल्या, बिग बेनचा मनोरा कोसळला, सॅव्हॉय हॉटेल उडालें, आणि एका मंत्र्याला तर रस्त्यांतील खांबाला फांशीं देण्यांत आलें! यांतील एकहि गोष्ट घडलेली नव्हती. रोनाल्ड नॉक्स नांवाच्या कॅथॉलिक धर्मोपदेशकानें थट्टेनें रचलेला तो खेळ होता, आणि ही थट्टा आहे असें आरंभीं सांगण्यांतहि आलें होतें. परंतु ज्यांनीं आरंभ ऐकला नव्हता त्यांची गाळण उडाली. विचारणा करणाऱ्यांची एकच रीघ लागली. दुसऱ्या दिवशीं बर्फामुळें कित्येक खेड्यांत वर्तमानपत्रें वेळेवर पोंचलीं नाहींत, तेव्हां तर भयाला पुरावाच मिळाल्यासारखें झालें. शेवटीं कंपनीला क्षमा मागावी लागली.

लोक हंसले आणि विसरले. पण त्या रात्रीं एक गोष्ट सिद्ध झाली होती. छापील बातमीकडे संशयानें पाहावयास शिकलेला समाज कानांवर पडलेल्या बातमीपुढें मात्र अगदीं निःशस्त्र होता. वर्तमानपत्र हातांत धरून दुसऱ्या वर्तमानपत्राशीं ताडून पाहतां येतें. आवाज ऐकला आणि विरून गेला, मागें राहतो तो केवळ विश्वास. या विश्वासाची खरी परीक्षा पुढें चारच महिन्यांनीं झाली. त्या परीक्षेची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम या संस्थेविषयीं दोन शब्द. बिनतारी यंत्रें बनविणाऱ्या कारखानदारांनीं १९२२ च्या ऑक्टोबरांत ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन केली. १४ नोव्हेंबरला लंडनहून तिचें काम सुरू झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन रीथ नांवाचा तेहतीस वर्षांचा स्कॉटिश इंजिनियर तिचा व्यवस्थापक झाला. ज्याच्या घरीं यंत्र असे त्यानें वर्षाला १० शिलिंग भरून परवाना घ्यावयाचा, अशी पद्धति होती. १९२६ पर्यंत असे परवाने वीस लाखांवर गेले होते. मात्र बातमीच्या बाबतींत कंपनीचे हात बांधलेले होते. आपला धंदा बुडेल या धास्तीनें वर्तमानपत्रांच्या मालकांनीं असा करार करून घेतला होता, कीं सायंकाळीं सात वाजण्यापूर्वीं बातमी द्यावयाची नाहीं, आणि दिली तरी वृत्तसंस्थांनीं पुरविलेलीच द्यावयाची. वादग्रस्त विषयाला तर स्पर्शहि करूं नये, असा पोस्टमास्तर-जनरलचा दंडक होता. म्हणजे लाखों लोक जिच्यावर विसंबून होते, ती संस्था बातमीच्या प्रांतांत केवळ भाडोत्री भाट होती.

अशा स्थितींत सार्वत्रिक संप येऊन ठेपला. कोळशाच्या धंद्याला मंदी आली होती. खाणमालकांना मजुरी कमी करावयाची होती आणि कामाचे तास वाढवावयाचे होते. सरकारनें कांहीं महिने पैशाची मदत देऊन हा प्रश्न पुढें ढकलला. ती मदत ३० एप्रिलला संपली. मालकांनीं टाळेबंदी पुकारली, आणि खाण-कामगारांच्या पाठीशीं उभें राहण्यासाठीं ट्रेड युनियन काँग्रेसनें ३ मेच्या मध्यरात्रीपासून आगगाड्या, ट्रॅम, गोदी, छापखाने असे धंदे बंद पाडले.

छापखाने बंद पडले, आणि त्यासरशीं बहुतेक वर्तमानपत्रेंहि बंद पडलीं. आतां बातमी कळावयाची कशी? सरकारनें ‘ब्रिटिश गॅझेट’ नांवाचें पत्र काढलें, आणि त्याच्या संपादनाची सूत्रें तत्कालीन अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं हातीं घेतलीं. संपवाल्यांनीं ‘ब्रिटिश वर्कर’ काढलें. दोन्हीं पत्रें ५ मे रोजीं बाहेर पडलीं. पैकीं गॅझेटचा खप शेवटीं वीस लाखांवर गेला; वर्करचा मात्र कागदच सरकारनें अडवून ठेवला आणि त्याला आठ पानांवरून चार पानांवर यावें लागलें. एक पत्र संपकऱ्यांना राज्याचे शत्रु ठरवी. दुसरें त्यांचीच बाजू मांडी. कोणतें पत्र कोणाचें, हें ज्याला त्याला ठाऊक होतें. उरली ती नभोवाणी. सात वाजण्याची अट उठविण्यांत आली, आणि सकाळीं दहापासून रात्रीं साडेनऊपर्यंत दिवसांतून पांच वेळां बातमीपत्र जाऊं लागलें. ज्यांच्या घरीं यंत्र नव्हतें ते दुकानापुढें उभे राहून ऐकूं लागले. एका कंपनीचा आवाज नऊ दिवसांपुरता साऱ्या राष्ट्राचा कान होऊन बसला.

चर्चिल यांचा आग्रह असा, कीं सरकारनें ही कंपनी सरळ ताब्यांत घ्यावी. तसा अधिकार कायद्यानें सरकारला होताच. मुख्य प्रधान बॉल्डविन यांना हें रुचत नव्हतें. पण त्यांनीं लागलीच नकारहि दिला नाहीं. ११ मेपर्यंत, म्हणजे संप मिटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, मंत्रिमंडळानें या गोष्टीचा शेवटचा निर्णय केला नाहीं. तोंपर्यंत रीथ यांच्या डोक्यावर तलवार टांगलेली होती. बातमीचें काम सरकारी नौदल-कचेरींत हलविण्यांत आलें आणि तेथें जे. सी. सी. डेव्हिडसन हे सरकारी अधिकारी तिच्यावर नजर ठेवीत. हुकूम असा कोणी दिला नाहीं; पण हुकूम केव्हांहि येईल ही जाणीव प्रत्येक वाक्याच्या मागें उभी होती.

या काळांत नभोवाणीनें केलें काय? न्यायानें बोलावयाचें तर पुष्कळ चांगलें केलें. तिनें अफवांचें निराकरण केलें. ट्रेड युनियन काँग्रेसचीं कांहीं निवेदनेंहि तिनें वाचून दाखविलीं. ‘संप मोडला’ अशी आवई गॅझेट उठवीत असतां तिनें तसा गिल्ला केला नाहीं. तिच्या भाषेंत शिवीगाळ नव्हती. चर्चिल यांच्या पत्राशेजारीं ठेवून पाहिलें तर तिचा तोल उठून दिसे; वासरांत लंगडी गाय शहाणी, असें कोणी म्हटलें तरी तें शहाणपण खोटें नव्हतें.

पण आतां दुसरी बाजू पाहूं. ७ मे रोजीं कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनीं इतर धर्मगुरूंच्या संमतीनें एक आवाहन तयार केलें. त्यांत तीन गोष्टी होत्या : संप मागें घ्यावा, सरकारनें थोड्या मुदतीपुरती मदत चालूं ठेवावी, आणि मालकांनीं मजुरीचे नवे दर परत घ्यावे. तिन्ही गोष्टी एकदम व्हाव्या. हें आवाहन आर्चबिशप स्वतः नभोवाणीवरून वाचणार होते. इंग्लंडच्या धर्मपीठावरील सर्वश्रेष्ठ पुरुष समेटाचे चार शब्द बोलूं इच्छितो, आणि त्याला ध्वनिक्षेपकापुढें येऊं द्यावयाचें नाहीं, याहून विपरीत तें काय? पण रीथ यांनीं नकार दिला. सरकारला तें आवडणार नाहीं, हें त्यांना सूचित करण्यांत आलें होतें. तें आवाहन नभोवाणीवरून गेलें तें ११ मे रोजीं, म्हणजे त्याचा उपयोग संपत आल्यावर.

विरोधी मजूर-पक्षाचे पुढारी रॅम्से मॅकडोनाल्ड यांनीं भाषणाची मागणी केली. हा माणूस दोनच वर्षांपूर्वीं मुख्य प्रधान होता. रीथ यांनीं सरकारचें मत विचारलें. उत्तर नकारार्थी आलें. मॅकडोनाल्ड बोलले नाहींत. बॉल्डविन मात्र बोलले. ८ मेच्या रात्रीं त्यांनीं राष्ट्राला उद्देशून भाषण केलें, तेंहि रीथ यांच्या राहत्या घरांतून, आणि त्या भाषणांतील शांततेच्या तळमळीचे शब्द रीथ यांनींच त्यांना सुचविले होते! न्यायाधीशानें एका पक्षकाराला आपल्या घरीं बोलावून त्याचें कैफियतपत्र दुरुस्त करून द्यावें, आणि दुसऱ्याला दारांतूनच परत लावावें, तशांतला हा प्रकार.

रीथ हे दुष्ट नव्हते, भित्रेहि नव्हते. त्यांचा युक्तिवाद साधारण असा होता, कीं नभोवाणी ही लोकांसाठीं आहे, सरकारहि लोकांसाठीं आहे, म्हणून या संकटांत नभोवाणीनें सरकारच्या बाजूनें असणें प्राप्त आहे. ऐकावयास हें सरळ वाटतें. पण यांतील गोम अशी, कीं लोक म्हणजे सरकार नव्हे. संपावर गेलेले लाखों मजूर हेहि लोकच होते, आणि त्यांतील कित्येकांच्या घरीं दहा शिलिंगांचा परवाना होता. हें रीथ यांना उमगलें नव्हतें असेंहि नाहीं. मंत्रिमंडळानें कंपनी ताब्यांत न घेण्याचें ठरविल्यावर त्यांनीं रोजनिशींत जें लिहिलें, त्याचा भावार्थ असा, कीं आम्ही खरोखरीचे निःपक्षपाती राहणार नाहीं एवढा भरंवसा सरकारला आमच्याविषयीं आहे. स्वातंत्र्य वांचलें, पण तें न वापरण्याच्या बोलीवर.

येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. नभोवाणी खोटें बोलली काय? तिनें सांगितलेल्या बहुतेक बातम्या खऱ्या होत्या. मग दोष कोठें? आपल्याकडील महाभारतांत या प्रश्नाचें उत्तर आहे. भीमानें अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारला, आणि द्रोणाचार्यांनीं विचारलें असतां धर्मराजानें अश्वत्थामा मेला असें मोठ्यानें सांगून हत्तीचा उल्लेख हळूच केला. लोककथा तर म्हणते, कीं तेवढ्यांत शंख फुंकण्यांत आले. शब्द खरा होता. पण ऐकणाऱ्यापर्यंत पोंचलें तें असत्य. त्या क्षणापर्यंत धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळें वर चालत असे. तो खालीं टेकला. नभोवाणीचा पक्षपात हा बहुधा याच जातीचा असतो. जें बोललें गेलें त्यांत तो सांपडत नाहीं. कोणाच्या बोलण्यावर शंख फुंकले गेले, तेथें तो सांपडतो.

१२ मे रोजीं दुपारीं एकच्या बातमीपत्रांत संप मिटल्याची वार्ता लोकांना समजली. ट्रेड युनियन काँग्रेसनें माघार घेतली होती. खाण-कामगार मात्र एकटेच लढत राहिले. नोव्हेंबरांत उपासमारीनें त्यांना नमविलें, आणि कमी मजुरी व जास्त तास पतकरून ते पुन्हां खाणींत उतरले. समेटाचें आवाहन ७ मे रोजींच घरोघर ऐकूं गेलें असतें तर त्यांचें दैव पालटलें असतें काय, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. पण ती संधि त्यांना मिळाली नाहीं, हें खरेंच. बातमीदारीच्या न्याय-अन्यायाचा हिशेब असा कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोंचतो.

मजूर-पक्षाचे लोक कंपनीच्या नांवांतील ‘ब्रॉडकास्टिंग’ काढून तेथें ‘फॉल्सहुड’, म्हणजे असत्य, हा शब्द घालूं लागले. पार्लमेंटच्या सभासद एलन विल्किन्सन यांनीं संपाच्या दिवसांत मोटारीनें दोन हजार मैलांवर प्रवास करून सभा घेतल्या होत्या. त्यांनीं पत्र लिहून कळविलें, कीं सर्व वर्गांच्या वर्गणीवर चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें एकच बाजू मांडली याबद्दल जिकडेतिकडे लोक संतापलेले आहेत, आणि आपल्याला तर परवान्याचे पैसे परत मागावेसे वाटतात. आतां गंमत अशी, कीं हें पत्र छापलें तें कंपनीच्याच ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकानें. आपल्यावरील आरोप आपल्याच अंगणांत वाचूं देण्याइतका मोकळेपणा तिच्यांत शिल्लक होता. मला वाटतें, त्या संस्थेच्या पुढील पतीचें बीज तिच्या नऊ दिवसांच्या बातमीपत्रांपेक्षां या एका पत्राच्या छपाईंत अधिक होतें.

१ जानेवारी १९२७ रोजीं राजसनदेनें या कंपनीचें सार्वजनिक महामंडळ झालें. १९२८ च्या मार्चमध्यें वादग्रस्त विषयांवरील बंदी उठली. परंतु खरी फेड व्हावयास तीस वर्षें लागलीं. १९५६ च्या जुलै महिन्यांत ईजिप्तनें सुएझ कालव्याचें राष्ट्रीयीकरण केलें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटननें फ्रान्सबरोबर तेथें सैन्य धाडलें. मुख्य प्रधान ईडन यांनीं ३ नोव्हेंबरला नभोवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केलें. विरोधी पक्षाचे पुढारी गेट्स्केल यांनीं उत्तराची संधि मागितली. सैन्य रणांगणावर असतांना सरकारवर टीका होऊं द्यावयाची काय? १९२६ मधील संकटाहून हें संकट लहान नव्हतें. परंतु या खेपेस दार उघडलें. ४ नोव्हेंबरला गेट्स्केल बोलले. परदेशासाठीं जाणाऱ्या कार्यक्रमांतूनहि ब्रिटिश वर्तमानपत्रांतील सरकारविरोधी मतें जशींच्या तशीं सांगण्यांत आलीं. सरकार संतापलें, अनुदान कापण्याची भाषा झाली. पण संस्था हटली नाहीं. मॅकडोनाल्ड यांना नाकारलेला ध्वनिक्षेपक गेट्स्केल यांच्या हातीं पडला, एवढाच या तीस वर्षांचा इतिहास. पण तेवढ्यासाठीं तीस वर्षें लागलीं हें विसरूं नये.

आपल्या देशांत काय झालें? २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें. तेंहि एका खाजगी कंपनीचेंच होतें. ती १९३० मध्यें बुडाली आणि नभोवाणी सरकारी खातें झाली. रीथ यांच्या संस्थेंतूनच आलेले लायोनेल फील्डन यांनीं १९३५ पासून तिची घडी बसविली आणि १९३६ मध्यें तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. पद्धति विलायतेहून आली. परंतु ज्या संस्थेच्या अंगणांत टीका छापली जात होती, तिचें अंगण मात्र बरोबर आलें नाहीं.

त्याचें फळ १९४२ सालीं दिसलें. ९ ऑगस्टला पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलुपें पडलीं, आणि सरकारी नभोवाणी सरकारचेंच बोलूं लागली. तेव्हां २७ ऑगस्टपासून याच मुंबई शहरांतून ४२.३४ मीटर्सवर एक नवा आवाज ऐकूं येऊं लागला. उषा मेहता नांवाची बावीस वर्षांची तरुणी आणि तिचे सहकारी हें ‘काँग्रेस रेडिओ’ घरोघर जागा बदलीत चालवीत होते. चिमूर-आष्टी येथील अत्याचारांची हकीकत सरकारी लहरींवर नव्हती. ती या चोरट्या लहरींवर होती. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं छापा घातला, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

ही गुप्त नभोवाणी निःपक्षपाती होती काय? मुळींच नव्हती, आणि तसा तिनें आवहि आणला नाहीं. तरी लोकांनीं तिच्यावर विश्वास ठेवला. जेथें एका बाजूचा आवाज बंद केला जातो, तेथें ती बाजू आपला स्वतंत्र आवाज काढते, आणि मग श्रोते बातमीची निवड खरेंखोटें पाहून करीत नाहींत, आपलें-परकें पाहून करतात. सरकारी नभोवाणीची पत ही काँग्रेस रेडिओनें बुडविली नव्हती. ती तिनें स्वतःच्या मौनानें आधींच गमावली होती.

स्वराज्य आल्यावरहि ही संवय सुटली नाहीं. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत आकाशवाणीनें सत्ताधाऱ्यांचें स्तोत्र गाइलें, आणि त्याबद्दलची श्वेतपत्रिका १९७७ च्या ऑगस्टमध्यें पुढील सरकारलाच काढावी लागली. पण याहून बोलका प्रसंग ३१ ऑक्टोबर १९८४ चा. सकाळीं नऊच्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीनें त्यांच्या मृत्यूची वार्ता सांगितली ती सायंकाळीं. तोंपर्यंत परदेशी केंद्रांनीं ती जगभर पोंचविली होती. त्यांचे चिरंजीव राजीव गांधी त्या दिवशीं पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. खात्रीची बातमी मिळावी म्हणून त्यांनीं ऐकली ती बीबीसी! ज्या घराच्या हातीं देशाची नभोवाणी होती, त्या घरालाहि दुःखाच्या घटकेला तिचा भरंवसा वाटला नाहीं. नभोवाणीला सरकारी खात्यांतून वेगळें काढणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्यें झाला आणि त्याची अंमलबजावणी व्हावयास १९९७ साल उजाडलें. कायद्यानें दार वेगळें होतें. मन वेगळें होण्यास आणखी कांहीं लागतें.

आज बातमी आपल्या खिशांतील यंत्रांतून येते, आणि पक्षपाताचा आरोप तर सकाळ-संध्याकाळ ऐकूं येतो. अशा वेळीं बातमी देणाऱ्या संस्था एक ठराविक उत्तर देतात : दोन्ही पक्ष आमच्यावर रागावले आहेत, त्या अर्थीं आम्ही मध्यावर आहों. श्रोतेहो, हा युक्तिवाद फसवा आहे. दोन गिऱ्हाइकांनीं तक्रार केली म्हणून दुकानदाराचा तराजू बरोबर ठरत नाहीं. दोघांनाहि कमी तोललेलें असूं शकतें. १९२६ मध्यें चर्चिल आणि मजूर-पक्ष असे दोघेहि कंपनीवर नाराज होते. परंतु एकाचें गाऱ्हाणें असें, कीं ती पुरती सरकारची झाली नाहीं. दुसऱ्याचें असें, कीं आम्हांला बोलूं दिलें नाहीं. हीं दोन गाऱ्हाणीं एका वजनाचीं नव्हेत. त्याचप्रमाणें खऱ्याला आणि खोट्याला सारखा वेळ देणें म्हणजेहि न्याय नव्हे. वस्तुस्थिति आधीं पारखून घ्यावी. आणि जेथें मतभेद खरोखरीचा आहे, तेथें ज्याची बाजू तिकडे ज्यांना अप्रिय असेल त्यांच्याहि कानीं पडूं द्यावी.

म्हणून बातमी ऐकतांना सुजाण गृहस्थानें तीन प्रश्न मनाशीं विचारावे. ज्याच्याविषयीं बोललें जात आहे, त्याला स्वतः बोलूं दिलें काय? चूक झाली तेव्हां ती त्याच आवाजांत, तितक्याच मोठ्यानें कबूल केली काय? आणि या संस्थेवर कोणाची तलवार टांगलेली आहे? पहिल्या दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तर तिसऱ्याचें उत्तर कांहींहि असो, त्या संस्थेवर आपण थोडाबहुत विश्वास टाकावयास हरकत नाहीं. तिनें तलवारीखालीं उभें राहूनहि मान वळविली नाहीं, एवढा तरी तिचा अर्थ होतो.

जॉन रीथ यांना नंतर सर ही पदवी मिळाली, कीर्ति मिळाली. त्यांनीं उभारलेली संस्था जगभर नांवाजली गेली. तरी त्या नऊ दिवसांची गोष्ट निघाली, कीं इतिहास आर्चबिशपांच्या अडवून ठेवलेल्या त्या आवाहनापाशीं येऊन थांबतोच. धर्मराजाचा रथहि पुढें पुष्कळ चालला, विजयापर्यंत चालला. पण तो भूमीपासून चार अंगुळें वर पुन्हां कधीं चालला नाहीं.